तळ्यातले पाणी कोणत्या वाटेने गेले?

तळ्याची पातळी उतरली म्हणजे पाणी कमी झाले, एवढे कोणासही दिसते. परंतु ते कोणत्या वाटेने गेले हे मात्र दिसत नाही. एक वाट वरची. सूर्याच्या उष्णतेने व वाऱ्याने पाण्याची वाफ होते आणि ती हवेत मिसळते. दुसरी वाट खालची. तळाच्या मातीतून पाणी झिरपते आणि भूगर्भातील पाण्यास जाऊन मिळते. गावच्या साध्या तळ्याच्या बाबतीत या दोन वाटांचा हिशेब कोणी मागत नाही. खाली मुरलेले पाणी शेजारच्या विहिरींस उपकारकच ठरते. पण त्या तळ्यात जर एखाद्या शहराचे सांडपाणी साठविलेले असेल, तर वर गेलेले पाणी शुद्ध होऊन जाते आणि खाली गेलेले पाणी आपल्याबरोबर घाण घेऊन जाते. मग दोन्ही वाटांचा हिशेब वेगवेगळा मांडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा हिशेब कसा मांडतात, ते येथे सांगावयाचे आम्ही योजिले आहे. विषय ओंगळ आहे म्हणून कोणी पान उलटू नये. या कामात मोजमापाची जी कसोटी लागते, ती पाहून आम्हांस तरी मोठे आश्चर्य वाटले.

सांडपाण्याचे तळे, ज्यास इंग्रजी नावाने लॅगून म्हणतात, ही सांडपाणी शुद्ध करण्याची सर्वांत साधी योजना होय. मातीचे बांध घालून दीड-दोन मीटर खोलीचा एक विस्तीर्ण हौद करावयाचा आणि त्यात गावचे सांडपाणी सोडून ते आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिनेच्या महिने, स्वस्थ राहू द्यावयाचे. पाण्यातील सूक्ष्म जंतू घाण खाऊन तिचे विघटन करतात. त्यांना लागणारा प्राणवायू सूर्यप्रकाशात वाढणारे हिरवे शेवाळ पुरविते. आणि शेवाळास लागणारे खाद्य जंतूंच्या कामातून तयार होते. यंत्रे नाहीत, विजेचा खर्च नाही. लागते ती जमीन, ऊन आणि सवड. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील मॅडॉक या लहानशा गावाने १९४८ मध्ये मुद्दाम आखणी करून असे तळे बांधले आणि पुढे त्या देशातील हजारो लहान गावांनी तोच कित्ता गिरविला. आपल्याकडे नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आज ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, भारतीय हवामानात ही तळी कशी बांधावी व चालवावी याचा अभ्यास केला. सोली आर्सीवाला व त्यांचे सहकारी यांचा त्यावरील ग्रंथ १९७० मध्ये या संस्थेने प्रसिद्ध केला.

आता एक गंमत पाहा. अमेरिकेच्या उत्तरेकडील थंड राज्यांत हिवाळ्यात तळी गोठतात व शुद्धीकरणाचे काम मंदावते. म्हणून तेथील बरीच तळी सुमारे १८० दिवसांचे सांडपाणी सामावून घेतील एवढी मोठी करतात, आणि वसंतात एकदा व शरदात एकदा तपासणी करून शुद्ध झालेले पाणी नदीनाल्यात सोडतात. पण एखाद्या गावचे तळे वर्षामागून वर्षे कधी भरतच नाही. पाणी सोडण्याची पाळीच येत नाही. गावकऱ्यांना वाटते, आपले तळे मोठे गुणी! खर्च नाही, तक्रार नाही. वास्तविक जे तळे भरावयास हवे असून भरत नाही, त्याच्याच तळाविषयी संशय घ्यावयास हवा. बिघडलेले यंत्र आवाज करते, फुटलेला नळ रस्ता भिजवितो. गळणारे तळे मात्र निमूट असते, आणि त्याचे अवगुणच गुणासारखे दिसतात. या कामातील खरी अडचण हीच आहे, असे आमचे मत आहे.

खाली झिरपलेल्या पाण्याने काय होते? मातीचा जाड थर पुष्कळशा जंतूंना गाळून अडवितो, हे खरे. पण सांडपाण्यातील नत्रयुक्त द्रव्यांपासून मातीत नायट्रेट नावाचा क्षार तयार होतो, आणि तो पाण्यात पूर्णपणे विरघळणारा असल्यामुळे मातीत अडकून न राहता पाण्याबरोबर पुढे जातो. १९४५ मध्ये आयोवा राज्यातील हंटर कॉमली या डॉक्टरांनी असे दाखवून दिले की, नायट्रेट अधिक असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालविलेले दूध पिऊन तान्ही मुले निळी पडतात. कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. पाणी उकळून हा दोष जात नाही. उलट पाणी आटल्याने क्षाराचे प्रमाण वाढतेच. आपल्या भारतीय मानकांत पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवलेली आहे.

आणि मातीचा थर जेथे पातळ असून खाली चुनखडीसारखा पोकळ खडक असतो, तेथे जंतूही अडत नाहीत. मिसूरी राज्यातील वेस्ट प्लेन्स या गावी मे १९७८ मध्ये सांडपाण्याच्या तळ्याचा तळच खचला. खालच्या खडकातील पोकळीत विवर पडले, तळ्यातील सांडपाणी त्या वाटेने भूगर्भात शिरले, आसपासच्या विहिरी दूषित झाल्या, आणि सातशेंहून अधिक लोक आजारी पडले. या लोकांनी आपल्या विहिरीचे पाणी आदल्या दिवशीही प्यायले होते. त्याच्या रंगरूपावरून काही कळण्यासारखे नव्हते.

अगदी न गळणारे मातीचे तळे जगात नाही. म्हणून प्रश्न ‘गळते का?’ असा नसून ‘किती गळते?’ असा असतो. अमेरिकेतील महासरोवरांच्या आसपासच्या व मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातील राज्यांनी मिळून एक नियमावली केली आहे; ती ‘दहा राज्यांची मानके’ या नावाने प्रसिद्ध आहे. तीनुसार सहा फूट पाणी असताना तळ्याच्या दर एकरातून दिवसास ५०० अमेरिकन गॅलनांहून अधिक पाणी झिरपता कामा नये. आकडा मोठा वाटतो खरा. पण तो एकरभर पसरून पाहिला, तर त्याची जाडी दिवसाला ०.४७ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरते! मिनेसोटा राज्यात जुन्या तळ्यांना ३,५०० गॅलनांपर्यंत सवलत देतात. तरी तीही जेमतेम सव्वातीन मिलिमीटर होते. उलट बाजूने पाहावयाचे, तर एक हेक्टर तळ्यातील एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. रोज तीन मिलिमीटर गळणारे एक हेक्टरचे तळे उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येतात तसले दहा हजार लिटरचे तीन टँकर दररोज जमिनीत रिकामे करीत असते, आणि काठावर उभे राहून पाहणाऱ्यास पाणी हललेलेही दिसत नाही.

ही मर्यादा मनाला येईल तशी ठरविलेली नाही. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणारा अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम प्रसिद्ध केला. थरावर पाण्याचा दाब जितका अधिक, तितका झिरपा अधिक. थर जितका जाड, तितका झिरपा कमी. आणि बाकी सर्व त्या मातीच्या जातीवर. वाळू आणि चिकणमाती यांच्या झिरपण्यात लाखो पटींचे अंतर असू शकते. तळ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर चोपून बसविला, तर दार्सीच्या नियमाने अर्ध्या मिलिमीटरच्या आत झिरपा ठेवता येतो. पण कागदावरचा थर आणि प्रत्यक्षातला थर यांत फरक पडतो. एखादे वर्षी तळे रिकामे राहून माती तडकते. बांधात उंदीर-घुशींसारखे प्राणी बिळे करतात. झाडांची मुळे आत शिरतात. आणि बांधातून जेथे नळ आरपार गेलेला असतो, तेथे नळाच्या कडेने पाणी आपली वाट काढते. म्हणून बांधणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता तळे मोजून पाहावे लागते.

मोजण्याचे तत्त्व शाळेतील जमाखर्चाइतके सोपे आहे. तळ्यात आलेले पाणी व पडलेला पाऊस ही जमा. बाहेर सोडलेले पाणी, वाफ झालेले पाणी व झिरपलेले पाणी हा खर्च. आणि पातळीतील चढउतार ही शिल्लक. पहिले काम म्हणजे आवक-जावक बंद करणे. शहराचे सांडपाणी काही दहा दिवस थांबविता येत नाही. पण बहुतेक ठिकाणी दोन-तीन तळी असतात, त्यांपैकी एकात सारे पाणी वळवून दुसऱ्यास तपासणीसाठी मोकळे करतात. येथे झडप बंद केली म्हणजे पाणी बंद झाले असे समजून चालत नाही. जुनी झडप थोडी जरी पाझरत असली, तरी शेजारच्या तळ्यातून गुपचूप येणारे पाणी गळतीची भरपाई करते आणि गळके तळे कसोटीस उतरल्याचा भास होतो. म्हणून नळाच्या तोंडाशी बूच बसवून खात्री करून घेतात.

पावसाळी दिवस वगळता येतात, किंवा पर्जन्यमापकाने पाऊस मोजता येतो. मग राहते ती एकच अडचण, पण ती सर्वांत मोठी: वाफ. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाणे ही सामान्य गोष्ट आहे; आपल्याकडे वैशाखात काही ठिकाणी हा आकडा दहाच्याही वर जातो. म्हणजे शोधावयाचे ते अर्धा मिलिमीटर, आणि ते लपले आहे त्याच्या दहा-वीस पट मोठ्या आकड्याच्या आड! वेधशाळेत वाफ मोजण्यासाठी सुमारे १२० सेंटिमीटर व्यासाचे व २५ सेंटिमीटर खोलीचे धातूचे पात्र उघड्यावर ठेवलेले असते. पण ते पात्र सर्व बाजूंनी तापते व त्यातील पाणी तळ्यापेक्षा लवकर आटते. म्हणून येणाऱ्या आकड्यास सुमारे ०.७ ने गुणण्याची रीत आहे. हा गुणक जागोजागी व ऋतूंप्रमाणे बदलतो. पात्रात ८ मिलिमीटर पाणी आटले, तर ०.७ ने गुणून ५.६ येतात आणि ०.८ ने गुणून ६.४ येतात. दोहोंतील फरक ०.८ मिलिमीटर, म्हणजे जी गळती शोधावयाची तिच्यापेक्षाही मोठा. अशा मापाने तळ्यास दोषी किंवा निर्दोष ठरविणे हा अन्यायच होय.

यावर योजिलेला उपाय आम्हांस फार आवडला. एक धड, न गळणारे, उघड्या तोंडाचे पिंप घेऊन ते तळ्यातच बसवितात, आणि त्यात तळ्याचेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरतात. आता तेच ऊन, तोच वारा, तोच पाऊस दोन्हीकडे. भोवती तळ्याचेच पाणी असल्यामुळे पिंपातील पाण्याची उष्णताही जवळजवळ तीच. पिंपास खालची वाट नाही. तळ्यास दोन्ही वाटा आहेत. काही दिवसांनी पिंपातील पातळी जितकी उतरली, तितकी वाफ. आणि तळे त्याहून जितके अधिक उतरले, तितकी गळती. वाफ किती झाली हे वेगळे शोधून काढण्याची गरजच उरत नाही, कारण वजाबाकीत ती आपोआप उडून जाते. तरीही पिंप बसविताना तारतम्य लागते. त्याचा काठ पाण्याच्या फार वर ठेवला, तर आतल्या पाण्यास वारा लागत नाही व ते कमी आटते. फार खाली ठेवला, तर लाटेचे पाणी आत उडते आणि सारा हिशेब फुकट जातो.

पातळी वाचणे हेही सोपे काम नव्हे. नुसती पट्टी उभी करून वाचले, तर लहरींमुळे दोन-चार मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून तळ्यात उभ्या केलेल्या रुंद नळीत, जिला खाली लहानसे भोक असते, पातळी पाहतात. बाहेर लाटा असल्या तरी आतले पाणी स्थिर राहते. नळीत टोक वर वळविलेली एक आकडी पाण्याखालून हळूहळू वर आणतात. टोक पृष्ठभागास खालून टेकताच तेथे पाण्यावर इवलासा उंचवटा उमटतो, आणि त्या क्षणी आकडीच्या दांड्यावरील माप वाचतात. वारा एका दिशेने वाहत असला की तळ्याचे पाणी समोरच्या काठाकडे लोटले जाते व दोन काठांच्या पातळीत काही मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून समोरासमोरच्या काठांवर मापे घेऊन त्यांची सरासरी काढावयाची, आणि शक्य तो पहाटेच्या शांत वेळी घ्यावयाची.

पहाटेचे आणखी एक कारण आहे, आणि ते पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील आहे. पाणी तापले की प्रसरण पावते. दीड मीटर खोल पाणी २० अंशांवरून २५ अंश सेल्सियसपर्यंत तापले, तर एक थेंबही न मिळविता त्याची पातळी सुमारे पावणेदोन मिलिमीटर चढते! दुपारी चढलेली पातळी रात्रीच्या गारव्याने पुन्हा उतरते. पिंप तळ्याहून उथळ असल्यामुळे त्यातील पाणी तितके फुगत नाही, म्हणून ही चूक वजाबाकीनेही पूर्णपणे जात नाही. रोज ठरलेल्या वेळी माप घेणे आणि त्यासोबत पाण्याचे तापमान टिपून ठेवणे, हाच त्यावर इलाज. मागील पिढीच्या पाठ्यपुस्तकांत प्रसरणाची उदाहरणे म्हणून रेल्वेचे रूळ व बैलगाडीच्या चाकाची धाव एवढीच देत. त्यांत या तळ्याची भर घालावयास हरकत नाही.

एक उदाहरण मांडू. समजा, तीन हेक्टरांचे तळे दहा दिवसांत ७१ मिलिमीटर उतरले आणि पिंप ५२ मिलिमीटर उतरले. फरक १९, म्हणजे दिवसाला १.९ मिलिमीटर. तीन हेक्टरांवर तो ५७,००० लिटर झाला. मापनात एकंदर दोन मिलिमीटरची चूक झाली असे धरले, तरी दहा दिवसांवर वाटली जाऊन ती रोजची ०.२ एवढीच राहते. तपासणी एका दिवसात का उरकत नाहीत, याचे उत्तर यात आहे. एका दिवसाच्या मापात तीच दोन मिलिमीटरची चूक मूळ गळतीएवढीच झाली असती. हे तळे नव्या नियमाच्या चौपट गळते, परंतु जुन्या तळ्यांच्या सवलतीत बसते. मग काय करावयाचे? येथे गणित संपते आणि जवळ कोणाची विहीर आहे, भूगर्भातील पाणी किती खोल आहे, उतार कोणत्या बाजूस आहे, हे प्रश्न सुरू होतात.

कॅन्सास राज्य विद्यापीठातील जे. एम. हॅम व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात डुकरांच्या गोठ्यांजवळील अशाच तळ्यांवर स्वयंचलित उपकरणे बसवून पातळीची व हवामानाची अखंड नोंद ठेवली. त्यांना आढळलेली सरासरी गळती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर होती. तळाशी साचणारा गाळ मातीची छिद्रे बुजवून गळती कमी करतो, हेही अशा अभ्यासांतून ध्यानात आले आहे. काही गावांना ही आशा पुरेशी वाटते. पण गाळाच्या भरवशावर चिकणमातीचा थर पातळ ठेवणे आम्हांस मुळीच पसंत नाही.

पिंपाची कसोटी गळती किती ते सांगते, कोठे ते सांगत नाही. ते शोधण्यासाठी बांधाभोवती निरीक्षण-विहिरी खणून उताराच्या वरच्या व खालच्या बाजूंचे पाणी तपासतात. सांडपाण्यातील मिठाचा अंश, म्हणजे क्लोराइड, मातीत अडत नसल्यामुळे तो चांगला माग दाखवितो. तळास जाड प्लॅस्टिकचे अस्तर असेल, तर विजेचा उपयोग होतो: प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, पाण्यातून जाते, त्यामुळे अस्तरास भोक असेल तेथूनच प्रवाह खालच्या मातीत उतरतो, आणि ती जागा उपकरणास सापडते. मात्र वेस्ट प्लेन्ससारखा तळच खचण्याचा धोका यांपैकी कशानेही आधी निश्चित कळत नाही. तेथे तळे बांधण्यापूर्वीच खडक पाहावयास हवा.

आपल्या भागातील जमिनीचा विचार येथे सहज मनात येतो. माळव्यातील, बडोद्याच्या आसपासची आणि बेळगावच्या पूर्वेकडील काळी माती ओली असताना फुगून पाणी अडविते, म्हणून तळ्यास ती उत्तम वाटते. पण तीच माती उन्हाळ्यात सुकली की तिला हातभर खोल भेगा पडतात, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. तेव्हा काळ्या मातीचे तळे एकदा भरल्यावर कोरडे पडू देता कामा नये. गोव्यातील जांभा दगड तर मुळातच सच्छिद्र. त्यावर बाहेरून माती आणून थर द्यावा लागेल. कच्छात सापडणारी बेंटोनाइट नावाची माती पाण्यात कित्येक पट फुगते, आणि गळक्या तळांवर ती मिसळून चोपण्याची पद्धत आहे.

विद्यार्थिमित्रांना ही कसोटी शाळेच्या गच्चीवर स्वतः करून पाहता येईल. कपडे धुण्याचा एक मोठा टब दोन विटांवर ठेवावा. एकाने त्याच्या बुडास सुईने बारीक भोक पाडून ते ओल्या चिकणमातीने असे लिंपावे की दिवसाकाठी थोडेच थेंब पडतील. त्याखाली बाटली ठेवावी, आणि इतरांनी तिच्याकडे पाहू नये. टबात मध्यभागी तळाशी दगड घातलेला स्टीलचा डबा उभा करून आतबाहेर सारखेच पाणी भरावे. आठवडाभर रोज सकाळी सात वाजता दोन्ही पातळ्या व पाण्याचे तापमान वहीत टिपावे, वजाबाकी करावी, आणि टबाच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळातून डब्याचे क्षेत्रफळ वजा करून उरलेल्याने गुणून गळती काढावी. शेवटी बाटलीतले पाणी मोजून उत्तर ताडून पाहावे. बाटलीच्या तोंडाशी नरसाळे बसवून भोवतीची फट कापसाने बंद करावयास विसरू नये. नाहीतर खाली आलेले पाणीही वरच्या वाटेने निघून जाईल.